ओहोटीला सांगायचं स्वप्न

कुंदा, एक वाजलाय. माझीच बॅच, टाईपरायटर आपलाच, चार नंबर. सरांना म्हटलं, आज उतारा नको, कुंदाला लिहायचंय. त्यांनी कोऱ्या कागदांचा गठ्ठा पुढे ठेवला आणि ते खिडकीशी जाऊन उभे राहिले. म्हणजे हो. तासाभरात संपवायचंय. तीसचा स्पीड धरला तरी बरंच बोलून होईल, आणि तुला माहितीय माझा तीसच्या वर जातो, चुका धरल्या नाहीत तर. आज धरू नकोस.

वरचे कागद क्लासच्या बोर्डावर लागणार आहेत. तुझा जन्म, गाव, शिक्षण, ते सगळं सरांनी त्यांच्या अक्षरात वेगळं लिहिलंय. ते मी नाही लिहिणार. मला तुझ्याशी बोलायचंय, आणि मला भीती वाटतेय. बारा-पंधरा दिवस झाले, मी पहाटे डोळे उघडे ठेवून पडलेली असते, कारण झोपले तर काय दिसेल सांगता येत नाही.

आणि दोन कागदांच्या मध्ये मी जो कार्बन घातलाय ना, तो तुझा आहे. तुझ्या शेवटच्या गुरुवारचा. एकदाच वापरलेला, म्हणून उजेडात धरला तर अक्षरं वाचता येतात. तुला माझ्याबद्दल पडलेलं स्वप्न त्यात आहे आणि ते मी वाचलेलं नाही. एक ओळ सोडून.

थांब, क्रमाने सांगते. नाहीतर तू म्हणशील, "स्वाती, तू गोष्ट मधनंच चालू करतेस गो, मासा कुठनं धरायचा ते तरी कळू दे."

आपली ओळखच भांडणातून. माझी बॅच एक ते दोन, तुझी दोन ते तीन, मशीन एकच. मी रोज तुझी पाच मिनिटं खायचे. कॉलेज सुटलं की पळत यायचे, बोटं गरम होईपर्यंत निम्मा तास जायचा आणि दोन वाजले तरी ओळ अर्धीच असायची. तू मागे येऊन उभी. पहिले दोन दिवस नुसतीच उभी. तिसऱ्या दिवशी माझ्या खांद्यावरून हात घातलास आणि सरळ कॅरेज कागदासकट टोकाला ढकललीस.

"वेळ झाली. ऊठ."

"पाच मिनिटं गं, प्लीज."

"पाच मिनिटं, पाच मिनिटं करत माझं आयुष्य खाशील तू. ऊठ गो!"

अख्खा क्लास हसलेला. मी पण हसलेले. आता ते वाक्य मी मनातही म्हणत नाही.

मग तू मला उठवायचीस आणि मी घरी जायचेच नाही. शेजारच्या स्टुलावर बसायचे. तुला सरांचे उतारे आवडायचे नाहीत. 'स्वच्छतेचे महत्त्व.' 'ग्रामपंचायतीची कर्तव्ये.' एक दिवस वैतागून म्हणालीस, "हे करून करून माझी बोटं झोपतात. तुला काल काय स्वप्न पडलं ते सांग. तू बोल, मी टाईप करते. कोर्टात काय लोक थांबून थांबून बोलतात?" आणि मी बोलायला लागले की थांबते कुठे! जिना संपतच नाही, पेपर हातात आला तर कोरा, गादीखालून साप, दार उघडलं तर पुन्हा तीच खोली. तू मान वर न करता फाडफाड मारत सुटायचीस. सरांनी ते उतारे म्हणून तपासले पण! लाल पेनाने एकदा लिहिलेलं, 'साप कुठून आला? मूळ मजकुरात नाही.' जिन्यात बसून आपण किती हसलो होतो.

तुझं मात्र एकही स्वप्न कधी टाईप झालं नाही. मी विचारलं की तू खांदे उडवायचीस. "मला नाय पडत. खाडीचा वारा लागला की जी झोप लागते ती सकाळपर्यंत." मला तुझा हेवा वाटायचा. खरंच. मला वाटायचं, कोलशेतला, खाडीकाठी जन्मलेल्या माणसाला भीती नसतेच. आम्ही डोंबिवलीवाले, आमच्या खिडकीतून दुसऱ्याची खिडकी दिसते, केमिकलचा वास आला की दार लावतो आणि घाबरत झोपतो.

जागेपणीचं स्वप्न मात्र तुझं एकदम ठरलेलं. ठाण्याच्या कोर्टात टायपिस्ट. बाबांच्या जाळ्याची कसली तरी केस होती, तेव्हा तू त्यांच्याबरोबर गेलेलीस आणि तिथे ती बाई बघितलीस. "अगं, जज पण थांबतो तिच्यासाठी! साक्षीदार बोलला, वकील बोलला, पण तिनं टाईप केल्याशिवाय ते झालंच नाय. एवढा मोठा माणूस गप बसून तिच्या बोटांकडे बघत होता." हे तू किती जणांना सांगितलंस! बसच्या कंडक्टरला. खालच्या वडापाववाल्याला. पहिल्यांदा आमच्या घरी आलीस तेव्हा माझ्या आईला, पोह्यांची बशी हातात घेतल्या घेतल्या. आई "देव करो" म्हणाली, आणि तू गेल्यावर मला म्हणाली, "असं सगळ्यांना सांगू नये गं तिनं."

मी पण तेच म्हणायचे ना! आपलं खरं भांडण ते. बॅचचं भांडण मिटलं, हे अजून चालू आहे.

"चांगलं स्वप्न बोलायचं नसतं कुंदा. दृष्ट लागते."

"आणि वाईट?"

"ते तर अजिबातच नाही!"

"मग तू बोलणार काय? भाजीचे भाव?"

आणि मग तू ते सांगितलंस. इतक्या सहज, जणू मला माहीतच असायला हवं. चांगलं स्वप्न माणसांना सांगायचं, वाईट पाण्याला. वाहत्या पाण्याला, आणि ते पण ओहोटीच्या. ओहोटी घेऊन जाते. भरतीला सांगितलंस तर परत आणून दारात टाकेल. "आमच्यात असंच असतं," म्हणालीस. माझ्या अंगावर काटा आलेला. वाटलं, ही केवढी जुनी गोष्ट असेल, कितीतरी कोळणींनी अशी पहाटे खाडीत उभं राहून स्वप्नं सोडून दिली असतील.

मग तू विचारलंस, "आणि तुझं काय गो? तुला काय व्हायचंय?" मी म्हटलं, "काही नाही. बँकेत वगैरे." खोटं बोलले. शेवटपर्यंत तुला खरं सांगितलं नाही.

आता ते दुसरं सांगते. हे टाईप करताना बोटं जड झालीत, सर तिकडून बघतायत.

परीक्षेच्या महिनाभर आधी मला स्वप्न पडलं. हाच क्लास, हेच मशीन. समोर तू. हिरवी साडी, हातभर चुडा, कपाळाला मुंडावळ्या. तू टाईप करत होतीस आणि आवाज नव्हता. बोटं पडतायत, कॅरेज सरकतेय, आणि एकदम शांत. कागद वर येत होता तो कोरा. मी म्हणत होते, कुंदा, रिबन नाही, आणि तू हसत होतीस.

पहाटेचं स्वप्न, आणि त्यात लग्न. आमच्याकडे स्वप्नात कुणी मेलेलं दिसलं तर त्याचं आयुष्य वाढतं म्हणतात, आणि लग्न दिसलं तर उलटं... तुला माहितीय. आईला सांगायची हिंमत झाली नाही. मग तुझं आठवलं. वाहतं पाणी. डोंबिवलीत कुठून आणू? तेवढ्यात नळाला पाणी आलं. आमच्याकडे सकाळी पाऊण तास येतं. मी मोरीत गेले, नळाला तोंड लावून सगळं पुटपुटले, एकदम हलकं वाटलं आणि तोंड धुऊन बाहेर आले.

दुपारी तुला सांगितलं. स्वप्न नाही, फक्त नळाचं. तू आधी डोळे मोठे केलेस. "नळाखाली काय होतं?"

"हंडा."

"आणि हंड्यातलं पाणी?"

"पिंपात. प्यायचं."

तू जिन्यात बसलीसच. "अगं, नळाचं पाणी वाहतं कुठं? ते तर घरातच येतं! म्हणजे ते स्वप्न आता तुमच्या पिंपात! आणि तुझ्या बाबांनी त्याचा चहा प्यायला!" तू डोळे पुसत हसत होतीस आणि मला घाम फुटलेला. कारण कुणाबद्दलचं स्वप्न ते तुला माहीत नव्हतं. माझा चेहरा बघून तू थांबलीस. म्हणालीस, "बरं बरं, रडू नको. रविवारी ये कोलशेतला. साडेदहाच्या आत ये पण. नंतर पाणी फिरतं."

आणि मी लेट. कुंदा, मी आयुष्यात एकदा तरी वेळेवर पोचलेय का? ठाण्याला उतरले तेव्हा बस डोळ्यांसमोरून गेली, दुसरी पाऊण तासाने. तू थांब्यावर उन्हात उभी होतीस.  तिवरांमधून आपण पळतच गेलो, चिखलात माझी चप्पल अडकली, ती तू उपटून काढलीस. दगडी धक्क्याच्या टोकाशी मला उभं केलंस आणि स्वतः दहा पावलं मागे जाऊन पाठ केलीस, कानात बोटं घातलीस.

मी सांगितलं. सगळं सांगितलं. तुझं नाव घेऊन. आणि सांगता सांगता बघितलं, पाण्यावर कुणीतरी सोडलेला एक नारळ होता. तो आपल्याकडे येत होता.

"कुंदा, ओहोटीच आहे ना अजून?"

"हो गो, आहे."

"मग तो नारळ..."

"वाऱ्याने. चल, आय वाट बघतेय, जेवायचं थांबलेत."

तुझ्याकडे गेलो. आयने बोंबील तळलेले. बाजारातनं आणलेले, कारण आपल्या खाडीच्या मासळीला आता रॉकेलचा वास येतो, असं बाबा म्हणाले, आणि तू पटकन विषय बदललास, तुझ्या कोर्टाकडे नेलास. मी जेवले पण माझं लक्ष नव्हतं. निघताना थांब्यावर तुला विचारायचं होतं, तू ऐकलंस का? बोटं कानात घट्ट होती की नुसती? नाही विचारलं. अजून तेच विचारतेय. तुला माहीत होतं का, की ते तुझ्याबद्दल होतं?

मग तो गुरुवार. परीक्षेचा महिना म्हणून सरांनी सगळ्यांना कार्बन लावून प्रत काढायला लावलेली. तू नवा कार्बन घेतलास. मी स्टुलावर बसले आणि म्हटलं, बोलू का? तू मान हलवलीस. "आज नको. आज माझं आहे."

"तुला पडलं? स्वप्न?"

"हं. पहाटे. तू दिसलीस."

"मी? काय करत होते? चांगलं की वाईट?"

"बोलू नको, चुकते मी." आणि तू टाईप करायला लागलीस. तुझा स्पीड नेहमीचा नव्हता. एकेक अक्षर शोधून मारत होतीस. मी वाकून बघायला लागले तर कोपराने ढकललंस. झाल्यावर दोन्ही कागद घडी घालून पर्समध्ये. "आधी खाडीला सांगते. मग सोमवारी तुला." म्हणजे वाईट. मी जिना उतरेपर्यंत विचारत होते, तू हसून म्हणालीस, "सोमवारी गो! पळून जाते का मी?"

शुक्रवारी तुला ताप भरला. मग कावीळ. सोमवार आला आणि गेला. मी हॉस्पिटलमध्ये आले तेव्हा तुझे डोळे पिवळे होते, तू मला बघून काहीतरी बोलायला लागलीस आणि नर्सने मला बाहेर काढलं. त्यानंतर दोन दिवस. एवढंच लिहिते.

तुझ्यानंतर आपल्या स्वप्नांच्या उताऱ्यांच्या फाईलमध्ये तो कार्बन सापडला. कागद तू नेलेस, कार्बन राहिला. मी तो उजेडात धरला. नवा होता ना, अक्षरं लख्ख दिसत होती. 'स्वाती पुढे चालली होती आणि मी हाका मारत होते, पण ती' आणि मी झटकन खाली घेतला. पुढे कुठे? पण ती काय? मागे वळली नाही? की तिला ऐकू आलं नाही? रस्ता होता, की चिखल, की पाणी? तू आजारी पडलीस, खाडीवर गेलीच नसशील. म्हणजे हे स्वप्न कुणालाच सांगितलं गेलं नाही. ते इथेच आहे, आपल्या फाईलमध्ये. माझं भरतीला सांगितलं गेलं आणि तू गेलीस. आता तुझं, माझ्याबद्दलचं, असंच राहिलंय. कळतंय तुला, मी का झोपत नाही? शनिवारी परीक्षा आहे आणि मी रस्ता क्रॉस करताना पण थांबून राहते. आई हात धरून नेते, एवढ्या मोठ्या मुलीला.

तेराव्याला मी कोलशेतला गेले. वेळेवर गेले बघ, आधीच पोचले. सगळे उठल्यावर आयच्या शेजारी बसले आणि धीर करून सगळं सांगितलं. मुंडावळ्या, नळ, नारळ, सगळं. म्हटलं, आता ती मला हाकलून देईल. कार्बन दाखवला आणि विचारलं, आय, ओहोटी किती वाजता असते? मला हे पाण्याला द्यायचंय, तुमच्यात देतात तसं.

आयने कार्बन उलटसुलट करून बघितला. "कनची चाल गो? आमचेत असली चाल नाय."

"कुंदा म्हणाली..."

"ते तिचे आजीनं सांगलेलं. माजे सासूनं. कुंदी ल्हान व्हती तवा रोज पाटचे वरडत उटाची. डोलं उगडं नि वरडं. आजूबाजूची लोकां जागी व्हायाची. मंग म्हातारी बोलली, आता नको सांगू बाय, ओहोटी लागल तवा खाडीला सांग. ओहोटी लागंपर्यंत पोर खेलाला जायाची नि इसराची."

"आणि आता? मोठी झाल्यावर?"

आयने पदर तोंडाला लावला. "मोठी झाली तवा वरडाची नाय. उठून बसाची. मी इचारलं तर बोलाची, काय नाय आय, झोप."

कुंदा! तू? तुला पडत नव्हती ना स्वप्नं? खाडीचा वारा ना? एक वर्ष तू माझे साप आणि जिने टाईप करत होतीस आणि तुझ्या आत काय चाललेलं ते एका ओळीनं सांगितलं नाहीस! मला तुझा इतका राग आला, तिथेच, आयच्या शेजारी बसून. तू मला खोटी चाल सांगितलीस. मला उन्हात चिखलातून पळवलंस. आणि नंतर घरी येताना कळलं, तुझ्याकडे जे एकच औषध होतं ते तू मला दिलंस. तुझ्या आजीनं तुला दिलेलं. फक्त मी ओहोटीपर्यंत थांबून विसरणारी नाही ना, मी धावत सुटणारी, पाण्यावरचा नारळ बघत बसणारी.

मी आयला विचारलं, मग मी काय करू याचं? ती म्हणाली, "वाचाचं असल तं वाच. नसल तं नको. त्याचे आत माजी पोर तं नाय ना." आणि मग माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "तुजे सपनानं कोन मरतं गो? येरी." येरी म्हणजे वेडी, एवढं मला कळतं.

मला तिचं पटलंय असं नाही. पटलं असतं तर झोपले असते. दिवसा पटतं, पहाटे पटत नाही. पण एक ठरवलं. वाचणार नाही. फाडणार नाही. पाण्यात पण नाही सोडणार, कारण पाणी काय करतं ते मला समजत नाही. मला एकच गोष्ट येते.

हे पाचवं पान आहे, कुंदा. पाचही पानांना मी तोच कार्बन लावलाय. माझं प्रत्येक अक्षर तुझ्या अक्षरावर पडतंय.  पान बदलताना प्रत्येक वेळी वाटलं, अजून वाचता येईल, बघ, घाई करू नकोस, यात कदाचित चांगलं असेल, 'पण ती थांबली' असं असेल. आत्ता चौथ्या पानानंतर उजेडात धरला. तुझी ओळ शोधली. सापडत नाही. तुझं आणि माझं सगळं एकमेकांत गेलंय, नुसती जाळी दिसते आणि तिच्यातून खिडकी.  आता ते कुणालाच कधी कळणार नाही, मलाही नाही, आणि ते मी केलंय. बरोबर केलं का गं? तू असतीस तर ओरडली असतीस, की हसली असतीस?

दोनला तीन मिनिटं आहेत. एक राहिलं. तू म्हणायचीस ना, चांगलं स्वप्न माणसांना सांगायचं. हे बोर्डावर लागणार, सगळे वाचतील, आईसुद्धा वाचेल. लागू दे काय दृष्ट लागायची ती. मला रेडिओवर बातम्या वाचायच्यात. लहानपणापासून. मी मोरीत दार लावून वाचते, शिळ्या पेपरातल्या, हळू वाचायचा सराव करते आणि तिसऱ्या बातमीला सुसाट सुटते. हस. तू हसशील म्हणूनच नाही सांगितलं. नाही, खोटं. घाबरून नाही सांगितलं. आता सांगितलं, आणि सांगताना दोन अक्षरं चुकली, खोडत नाही.

दोन वाजले. तुझ्या बॅचला आजपासून नवीन मुलगी आलीय. मागे येऊन उभी आहे, मला तिच्या बांगड्या ऐकू येतायत. मी वळून बघत नाहीये. पाच मिनिटं दे म्हणून सांगावंसं वाटतंय. पण ती नवीन आहे, तिला अजून कॅरेज ढकलता येत नाही, ती नुसतीच उभी राहील.

उठते.